जोरदार वाऱ्यात पायपर कब टॅक्सी करताना स्टिक कुठे धरावी?

प्रश्न: मी पायपर जे-३ कब या, शेपटीखाली चाक असलेल्या विमानावर प्रशिक्षण घेत आहे. वारा मागून तिरपा येत असेल, तर टॅक्सी करताना (म्हणजे विमान जमिनीवर चालवताना) स्टिक (विमान नियंत्रित करण्याची दांडी) नेमकी कोठे ठेवावी?

उत्तर १: वारा मागच्या डावीकडून असेल, तर स्टिक पुढे आणि उजवीकडे ठेवावी, त्यामुळे एलेव्हेटर (शेपटीवरची आडवी हलती फळी) खाली झुकतो, वारा त्याला वरून दाबतो आणि शेपूट जमिनीवर राहते, तर खाली गेलेला डावा एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती फळी) वाऱ्याला पंखाखाली शिरू देत नाही. समोरच्या वाऱ्यात मात्र स्टिक पूर्ण मागे आणि वाऱ्याच्या बाजूला हवी.

उत्तर २: वरील उत्तर योग्यच आहे, पण स्टिक पुढे असताना थ्रॉटल (इंजिनची शक्ती वाढवणारे नियंत्रण) एकदम उघडू नये, कारण पंख्याचा झोत खाली झुकलेल्या एलेव्हेटरवर आदळून शेपूट उचलतो आणि विमान नाकावर जाऊ शकते. वेग माणसाच्या चालीइतकाच ठेवावा. वळताना वाऱ्याची दिशा बदलते, तशी स्टिकही हलवत राहावी.

उत्तर ३: कबचा स्टॉल वेग (ज्याखाली पंख विमानाला उचलून धरू शकत नाहीत तो वेग) साधारण ३३ नॉट (ताशी सुमारे ६१ किमी) आहे, म्हणून वाऱ्याच्या २५ नॉटच्या झोतात उभे विमानही जवळजवळ उडण्याच्या बेतात असते. अशा वेळी वाऱ्याकडील पंखाची आधारदांडी धरून चालणारा जाणकार मदतनीस घ्यावा. तो नसेल, तर कृपया विमान बांधूनच ठेवावे.