शब्दचर्चा: ‘म्गेनी’ला मराठीत काय म्हणाल?

आमच्या नागपुरातल्या सक्करदऱ्याच्या गल्लीत एक टांझानियाचा विद्यार्थी भाड्यानं राहायला आलाय. तो दिसला की पोट्टे ‘ए काल्या’ म्हणून ओरडतात. मी रागावले तर एकजण म्हणे, “मंग काय म्हणू काकू? नाव तं मालूम नाही.” त्याचं बरोबर होतं. तेव्हापासून मी परक्या माणसासाठी शब्द शोधतेय, स्वाहिलीतल्या ‘म्गेनी’सारखा, म्हणून हा धागा.

यात मला गोडी असायला कारण आहे. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही चार वर्षं टांझानियात, दार-ए-सलामला होतो. तिथं गल्लीतली पोरं मला बघून ओरडायची, “म्हिंदी! म्हिंदी!” (म् वर जरा थांबून, मग हिंदी.) म्हणजे भारतीय माणूस. गोऱ्याला म्हणतात ‘म्झुंगू’. तिथल्या स्वाहिली भाषेत अनेकवचन शब्दाच्या सुरुवातीला होतं: एक मूल म्टोटो, अनेक मुलं वाटोटो, तसे म्हिंदीचे वाहिंदी. शब्दात शिवी नाही, हे मला माहीत होतं. तरी हातात भाजीची पिशवी आणि मागून आठ-दहा आवाज एकदम आले की अंग चोरून चालायची मी. आपण इथल्या नाही, हे रोज मोठ्यानं ऐकावं लागलं की जड होतं, सांगणारं लेकरू पाच वर्षांचं असलं तरी.

एक दिवस सातेक वर्षांची एक मुलगी, एका हातात तुटलेली चप्पल धरून, माझ्यासमोर उभी राहिली आणि हळूच म्हणाली, “शिकामो.” मला उत्तर येईना. ती वाट बघत उभीच. शेवटी शेजारीण म्हणाली, “मराहाबा म्हणा.” मोठ्या माणसाला लहानानं शिकामो म्हणायचं, मोठ्यानं मराहाबा म्हणून ते स्वीकारायचं. शिकामोचा अर्थ ‘तुमचे पाय धरते’! आपलं ‘पाया पडते’च की. तिथं वाकायला लागत नाही, शब्दच वाकतो. दुसऱ्या दिवशी माझ्याकडून मराहाबा ऐकायला गल्लीतली सगळी पोरं एकामागे एक उभी.

त्यानंतर ‘म्हिंदी’ बंद झालं आणि मी ‘दादा’ झाले. हो, दादाच. स्वाहिलीत दादा म्हणजे बहीण आणि काका म्हणजे भाऊ. सासूबाई आल्या तेव्हा तर कमालच झाली. कोणत्याही लेकराला त्या नागपुरी सवयीनं ‘बाबू’ म्हणतात आणि तिथं बाबू म्हणजे आजोबा. “बाबू, इकडं ये” म्हटल्यावर ते पोरगं हसता हसता मातीत बसलं.

आता माझा प्रश्न. शेजारीण माझी ओळख ‘म्गेनी वेतू’ अशी करून द्यायची. वेतू म्हणजे आमची. म्गेनी म्हणजे पाहुणा आणि म्गेनी म्हणजेच परका, अनोळखी. दोन्हीला एकच शब्द. मराठीत ‘परका’ म्हटलं की दार लागतं. ‘परदेशी’ पासपोर्टवर ठीक आहे. ‘उपरा’ तर टोचतो. ‘पाहुणा’ चांगला, पण त्याला आपण बोलावलेलं असतं. मग म्गेनीला शब्द कोणता?

प्रतिसाद १
पाहुणाच. बोलावलेला असावा ही अट तुमची, शब्दाची नाही. एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला “काय पाव्हणं, गाव कोणतं?” असं विचारतातच ना? या शब्दाचं संस्कृत रूप प्राघुण किंवा प्राघूर्णक असं सांगतात. दुसऱ्या रूपातला घूर्ण म्हणजे गरगर फिरणे. फिरत फिरत दाराशी आलेला तो पाहुणा. ओळख असो की नसो.

धागाकर्ती
हे वाचून मी उठून उभीच राहिले! म्झुंगूसुद्धा ‘झुंगुका’ म्हणजे फिरणे या क्रियापदाशी जोडतात आणि चक्कर येण्याला स्वाहिलीत ‘किझुंगुझुंगू’ म्हणतात. दोन भाषांचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण परक्या माणसाकडं बघून दोघींना फिरणंच सुचलं. पाहुणा मान्य.

प्रतिसाद २
मला नाही मान्य. पाहुणा दोन दिवसांचा. तीन-चार वर्षं राहणाऱ्याला पाहुणा म्हणत राहिलं तर तो कधीतरी जाणारच, हे आपण त्याला रोज आठवण करून देतो. बौद्ध भिक्खू भदंत सुरई ससाई मूळचे जपानचे. नागपूरच्या इंदोऱ्यात त्यांना कोणी जपानी म्हणून हाक मारत नाही, लहानथोर सगळे भंतेजी म्हणतात. तुमच्या पोट्ट्यांना परक्यासाठी शब्द कशाला हवा? नात्याचा द्या. सरळ दादा म्हणायला सांगा.

धागाकर्ती
पटलं. म्गेनीचा अर्थ म्हणून पाहुणा ठेवते. हाक मारायला तो नको. तुम्ही सांगितलं तसं करून पाहिलं. काल संध्याकाळी तो दूध घेऊन येत होता, तेव्हा पोट्ट्यांनी एका सुरात हाक मारली, “दादाऽऽ!” तो थांबला आणि मागं वळून बघायला लागला, कोणत्या बहिणीला बोलावताहेत ते. मी फाटकातून ओरडले, “शब्द आमचा आहे, आमच्यात दादा म्हणजे भाऊ!” तो इतका हसला की दुधाची पिशवी हातातून सुटता सुटता राहिली. मग छातीवर हात ठेवून पोरांना म्हणाला, “दादा नाही. काका!”

वीस-बावीस वर्षांचा असेल. कालपासून गल्लीत काका आहे.