रेनबो बोआचं पिल्लू: टँकमध्ये ओल टिकत नाही, डोळ्यावर कात अडकली आहे

वारणाकाठ | ११ जानेवारी

नमस्कार मंडळी. शिकागोजवळ नेपरविलला राहतो. ऑक्टोबरात इथल्या प्रदर्शनातून एका ब्रीडरकडून ब्राझिलियन रेनबो बोआ या सापाचं पिल्लू आणलं. आता आठ महिन्यांचं आहे, लांबी दोन फुटांच्या थोडी आत. मुलीने नाव ठेवलंय इंदू, इंद्रधनुष्यावरून. आमचं गाव बत्तीस शिराळ्याजवळ, त्यामुळे घरात सापाची भीती कधीच नव्हती. पण रानात साप दिसणं वेगळं आणि त्याला घरात नीट सांभाळणं वेगळं, हे आता कळतंय.

टँक ४० गॅलनचा, काचेचा. ३६ इंच लांब, १८ रुंद, १६ उंच. वर जाळीचं झाकण, त्यावर सिरॅमिक हीटर. खाली दोन इंच कोकोपीट, एक लपायची गुहा, एक पाण्याचं भांडं. दिवसातून तीन वेळा स्प्रे मारतो. मारल्यावर हवेतली ओल दाखवणारा काटा ७० टक्क्यांवर जातो आणि तासाभरात पुन्हा ४०-४५ वर येतो. हवं ७५ च्या पुढे, असं सगळीकडे वाचलंय. डिसेंबरात घरातली हीटिंग पूर्ण चालू झाल्यापासून जास्तच बिघडलंय.

परवा कात टाकली ती तुकड्यातुकड्यांत. शेपटीजवळ एक पट्टा दोन दिवस तसाच होता, तो निघाला. पण डाव्या डोळ्यावरची कात निघालेली नाही. उजवा डोळा काळाभोर, चकचकीत, आणि डावा जुन्या चष्म्याच्या घासलेल्या काचेसारखा. चिमट्याने काढावी का? नवीन टँक घ्यावा का? खाणं व्यवस्थित आहे, आठ दिवसांनी एक छोटा उंदीर घेते. घरात चार वर्षांची मुलगी आहे. ज्यांनी ही जात पाळली आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

मृगसरी | ११ जानेवारी

वारणाकाठ, आधी डोळ्याचं सांगते. चिमटा लावू नका. त्या पापुद्र्याखालीच खरा डोळा आहे. जोर थोडा जरी चुकला तरी डोळा जाईल. झाकणाला भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या डब्यात ओला, पिळलेला टॉवेल ठेवा, खोली ८० फॅरनहाइटच्या आसपास असू द्या आणि अर्धा तास तिला त्यात फिरू द्या. टॉवेलच्या घड्यांतून जाताना निघाली तर निघाली. नाहीतर पुढच्या कातीपर्यंत थांबा. टँक सुधारला तर बहुतेक वेळा पुढच्या कातीबरोबर दोन्ही पापुद्रे एकदम येतात. तेव्हाही अडकला, किंवा डोळा सुजला, तर सापांचे डॉक्टर गाठा.

आता टँक. मी मिनियापोलिसला राहते, माझी बोआ नऊ वर्षांची आहे, साडेपाच फूट. इथला हिवाळा तुमच्यापेक्षा कडक, म्हणून अनुभवाने सांगते की स्प्रेने हे काम होणार नाही. तुम्ही दिवसातून दहा वेळा मारलात तरी होणार नाही. बाहेर १४ फॅरनहाइट असताना ती हवा घरात येऊन ७० पर्यंत तापली, की बाहेर कितीही दमट असो, आत तिचा दमटपणा १२ टक्क्यांच्या आसपास उरतो. पाणी तेवढंच, पण गरम हवेची तहान वाढलेली. ती तहानलेली हवा तुमच्या जाळीतून आत शिरते, वर हीटर तिला आणखी तापवतो आणि स्प्रेचं पाणी तासाभरात उडून जातं. हा प्राणी ॲमेझॉनच्या आणि गयानाच्या जंगलातला, पालापाचोळ्याखाली नि ओढ्याकाठी वावरणारा. पिल्लांच्या अंगातलं पाणी फार लवकर कमी होतं. तुकड्यात पडलेली कात ही त्याचीच खूण.

माझे वडील यवतमाळला कापूस करायचे. पाऊस उघडला की लगेच शेतात औत घालू द्यायचे नाहीत. वाफसा आला का बघायचे. मूठभर माती उचलून दाबायचे. हातातून पाणी निघालं तर अजून दोन दिवस थांबायचं. गोळा झाला आणि बोट लावताच फुटला तर चला. रेनबो बोआच्या टँकमधली माती कायम वाफशावर पाहिजे. तळात ओल आणि वरचं बोटभर कोरडं. सगळं यातच आहे. बाकी जे लिहिते ते हे कसं साधायचं एवढंच.

दोन इंच कोकोपीट पुरत नाही. चार ते पाच इंच करा. नुसतं कोकोपीट वरून वाळतं आणि त्याची धूळ होते, म्हणून त्यात सायप्रसचा भुसा आणि स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं शेवाळ) मिसळा. वर ओकची वाळलेली पानं पसरा. पानं बाहेरून आणलीत तर धुऊन ओव्हनमध्ये भाजून घ्या. देवदार किंवा पाईनचा भुसा अजिबात नको, त्यातली तेलं सापाला बाधतात. (कोकोपीटच्या विटेचं पाकीट उलटून बघा, बहुतेक वेळा भारत नाहीतर श्रीलंका लिहिलेलं असतं. मला ते हातात घेताना दर वेळी बरं वाटतं.)

पाणी वरून शिंपडायचं नाही, चार कोपऱ्यांत ओतायचं. कोमट पाणी, काचेला लागून हळूहळू. ते तळाशी उतरतं आणि तिथून वाफ वर येत राहते. माझ्या चार फुटी पेटीला हिवाळ्यात दहा दिवसांनी दीड लिटर लागतं. तुमच्या टँकला अर्ध्या लिटरने सुरुवात करा आणि मुठीने तपासत जा. पाण्याचं भांडं मोठं घ्या, ती अख्खी वेटोळं घालून बसेल एवढं.

वरचा थर कोरडा का, ते माझ्या चुकीतून शिकले. पहिल्या हिवाळ्यात मी सकाळ-संध्याकाळ इतकं शिंपडायचे की भुसा चिखलासारखा झाला होता. मीटर ९० दाखवत होता आणि मी समाधानी होते. फेब्रुवारीत तिला उचललं तेव्हा पोटाच्या खवल्यांवर तपकिरी डाग दिसले, मधे दोन ठिकाणी पाण्याने भरलेले फोड. दीड महिना तिला कागदी टॉवेलवर ठेवलं, रोज मलम लावलं, डॉक्टरांच्या तीन फेऱ्या झाल्या. साप आपलं पोट जमिनीवरून उचलू शकत नाही. तो ओल्यात पडला की ओल्यातच राहतो. तेव्हापासून मी मुठीवर विश्वास ठेवते, मीटरवर नंतर.

मीटरवरून आठवलं. तुम्ही "काटा" म्हणालात, म्हणजे काचेला चिकटवलेली गोल तबकडी असावी. तिच्यावर विसंबू नका. दोन डिजिटल मीटर घ्या, एक गरम बाजूला आणि एक थंड बाजूला, दोन्ही जमिनीजवळ, कारण साप तिथे राहतो. ते खरे आहेत का हे घरीच बघता येतं. बाटलीच्या बुचात मीठ घ्या, चार थेंब पाणी टाकून ओलसर करा, मीटरसोबत झिपच्या पिशवीत हवाबंद करून रात्रभर ठेवा. सकाळी ७५ दिसायला हवेत. माझा एक मीटर ६८ दाखवायचा, त्याच्यावर मी सात वाढवून लिहून ठेवलंय.

जाळी झाका. हीटरच्या भोवती चार-पाच इंच मोकळी सोडून बाकीच्या जाळीवर बाहेरून ॲल्युमिनियमची जाड फॉइल लावा. थोडी जागा उघडी राहिलीच पाहिजे, हवा कोंडली तर बुरशी येते आणि सापाला श्वासाचा त्रास होतो. चिकटपट्टी फक्त बाहेरून. आतल्या बाजूला चिकटपट्टीचा एक इंचही नको. सापाचं अंग तिला चिकटलं तर खवले सोलून निघतात.

उष्णतेत ही जात नाजूक. गरम बाजू ८२ ते ८५, थंड बाजू ७५ च्या जवळपास. ९० च्या वर कधीही नाही. बॉल पायथन हा छोटा अजगर पाळणारे जे आकडे सांगतात ते इथे लावू नका. रात्री ७२ झालं तरी चालतं. तुम्ही थर्मोस्टॅटचं काहीच लिहिलेलं नाही, म्हणून विचारते: आहे ना? नसेल तर हा धागा बंद करून आधी तो मागवा. हीटर थर्मोस्टॅटशिवाय एक रात्रही चालवू नये. त्याचा सेन्सर हलणार नाही असा बसवा. ती रात्री सगळं ढकलत फिरते.

नवीन टँक आत्ता नको. तुमचा आकार वाईट नाही, तो फक्त फार उघडा आहे. पिल्लाला उघड्या जागेची भीती वाटते. गुहा एक नको, दोन हव्यात, गरम बाजूला एक आणि थंड बाजूला एक, तिचं अंग चारी बाजूंनी टेकेल इतक्या घट्ट. तिसरा एक डबा, तोंड कापलेला, आत ओलं पिळलेलं मॉस. कात टाकायच्या आधी डोळे निळसर झाले की ती आपण होऊन त्यात जाईल. मधल्या जागेत कॉर्कच्या झाडाची साल, वेडीवाकडी फांदी, मनीप्लांट. ती वर चढतेही, विशेषतः लहान असताना. दोनएक वर्षांनी चार फूट लांब, दोन रुंद, दोन उंच अशी पीव्हीसीची पेटी घ्या, समोरून उघडणारी. तिच्यात ओल टिकवणं काचेच्या निम्म्या कष्टात होतं. आणि ती जागा आतापासून घरात ठरवून ठेवा, हे साप वीस वर्षं सहज जगतात.

टिटवी | १२ जानेवारी

मी न्यू जर्सीत नर्स आहे. बाकी सगळं मृगसरीताईंनी लिहिलंय, मी फक्त मुलीबद्दल लिहिते. सापांच्या अंगावर साल्मोनेला हा पोटाच्या आजाराचा जंतू असू शकतो, साप अगदी निरोगी दिसत असला तरी. इथल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचा सल्ला असा आहे की पाच वर्षांखालच्या मुलांच्या घरात सरपटणारे प्राणी ठेवू नयेत. तुम्ही आणलंच आहे, तर निदान वर्षभर मुलीला काचेबाहेरून बघू द्या, हातात नको. पाण्याचं भांडं स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नका. त्यासाठी वेगळी बादली ठेवा. फ्रोझन उंदीर वितळवायचं भांडंही वेगळं. टँकला हात लावल्यावर साबणाने हात, तुमचेसुद्धा.

करवंद | १२ जानेवारी

पुण्यातून वाचतोय. हा धागा वाचून इथल्या कुणाला मोह झाला तर एवढं लक्षात असू द्या. आपल्याकडचा कुठलाही साप, धामण असो, डुरक्या घोणस असो की मांडूळ, घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. रेनबो बोआ परदेशी, पण सगळे बोआ साइटीस या वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत येतात. २०२२ ची दुरुस्ती आणि २०२४ चे नियम यांच्यानुसार असा प्राणी सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदवावा लागतो. "कागद नंतर देतो" म्हणणाऱ्याकडून काहीही घेऊ नका. मांडुळाच्या नावाने चाललेली फसवणूक आणि त्यापायी पकडले जाणारे साप मी जवळून बघितलेत. ते बघून फार वाईट वाटतं.

मृगसरीताई, वाफशाचं वाचून आजोबा आठवले.

वारणाकाठ | १२ जानेवारी

सगळ्यांचे मनापासून आभार. थर्मोस्टॅट आहे, पण सेन्सर नुसता आत लोंबत होता. काल रात्रीच पक्का बसवला. मिठाची चाचणी केली. तबकडीने ५८ दाखवले, म्हणजे इतके दिवस मी चुकीच्या आकड्यामागे धावत होतो. ती काढून टाकली. टिटवीताई, बादली आजच वेगळी केली. मुलीला समजावून सांगितलं, ती थोडी रडली, पण काचेजवळ तिच्यासाठी एक छोटं स्टूल ठेवलंय.

ताई, एक शंका. इतकी ओल ठेवली तर बुरशी येणार नाही का?

मृगसरी | १२ जानेवारी

सुरुवातीला लाकडावर पांढरी लव येईल. घाबरू नका, पुसून काढा. स्प्रिंगटेल नावाचे बारीक किडे डब्यात विकत मिळतात, ते मातीत सोडा. बुरशी खाणं हेच त्यांचं काम. पाणी ओतलं की अख्ख्या टँकमध्ये पांढऱ्या राळ्यासारखे टुणटुण उड्या मारताना दिसतील. विष्ठा दिसली की त्याच दिवशी काढायची, ते काम किड्यांवर सोडायचं नाही. मातीला पहिल्या पावसानंतरच्या रानासारखा वास आला तर सगळं ठीक आहे. आंबूस किंवा कुबट आला तर पाणी थांबवा आणि फॉइलमधली मोकळी जागा वाढवा. आणि पहिले दोन आठवडे तिला उगाच बाहेर काढू नका. जागा नवी वाटत असते.

वारणाकाठ | १९ फेब्रुवारी

कळवायचं राहिलं होतं. पाच इंच थर झाला, फॉइल लावली, मॉसचा डबा ठेवला. आठवड्यातून एकदा पाऊण लिटर ओततो. ओल थंड बाजूला ८५ टक्के, गरम बाजूला ७८ टक्के टिकून आहे, बाहेर शून्याखाली असतानाही. रोज सकाळी कामाला बसायच्या आधी हात घालून मूठ दाबून बघतो. आता हाताला कळतं.

गेल्या गुरुवारी इंदूचे डोळे निळसर झाले आणि ती मॉसच्या डब्यात गेली ती सहा दिवस तिथेच. काल रात्री अकराच्या सुमारास फांदीवर सरकताना दिसली. मी फक्त टॉर्च लावला. वळली की मानेवरून शेपटीपर्यंत निळा, मग हिरवा, मग जांभळा, असा एक ओघळ जायचा. चारएक महिन्यांत तिचा तो रंग मी पहिल्यांदाच नीट पाहिला. खवल्यांवरच्या बारीक रेषांवर प्रकाश फुटतो म्हणून तसं दिसतं, हे वाचलं होतं, पण जुन्या काताळलेल्या अंगावर ते कधी उमटलंच नव्हतं.

डब्यात कात मिळाली, मोज्यासारखी उलटी, अखंड. आज सकाळी मुलीबरोबर जुन्या वर्तमानपत्रावर पसरली. मी हातमोजे घालून, ती स्टुलावर उभी राहून लांबून. २७ इंच भरली, पण कात ताणलेली असते, म्हणून खरी लांबी थोडी कमी. डोक्याचा भाग खिडकीसमोर धरला. उजव्या डोळ्याची जागा पातळ, पारदर्शक. डाव्या डोळ्याची किंचित जाड दिसली, म्हणून भिंगातून पाहिलं. एकावर एक दोन पापुद्रे होते.