जुन्या रिपोर्टवर अ‍ॅस्पर्गर, नव्यावर ऑटिझम स्पेक्ट्रम. तुम्ही स्वतःला काय म्हणता?

लातूरचा_एकटा
नमस्कार. शाळेत असताना पुण्यात तपासलं होतं तेव्हा रिपोर्टवर अ‍ॅस्पर्गर सिंड्रोम, म्हणजे ऑटिझमचाच एक प्रकार, असं लिहिलं होतं. बाबांनी सगळ्या भावकीला तेच सांगितलं, पोरगा हुशार आहे पण जरा वेगळा आहे, आणि लोकांनी बी ते मान्य केलं. आता नोकरीच्या फॉर्मसाठी परत तपासून घेतलं तर ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर, लेव्हल १, म्हणजे तीन लेव्हलमधली सगळ्यात कमी मदत लागणारी. डॉक्टर म्हणले जुनं नाव आता राहिलंच नाही. घरात सांगितलं तर आई रडायली, तिला वाटायलं आजार वाढला. मी तर तोच आहे ना. खरं सांगायचं तर मला बी जुनं नाव गेल्याचं वाईट वाटायलंय. तुम्ही काय म्हणता स्वतःला?

गोदाकाठ_नांदेड
दादा, आधी आईला सांगा की वाढलं काहीच नाही. डॉक्टर ज्यावरून मानसिक निदान करतात त्या अमेरिकेतल्या डीएसएम पुस्तकात १९९४ ला अ‍ॅस्पर्गर आलं आणि २०१३ ला सगळं एकाच नावाखाली घेतलं, कारण एकाच पोराला एका सेंटरात एक नाव अन् दुसरीकडे दुसरंच मिळायचं. डब्ल्यूएचओच्या आजारांच्या यादीत बी २०२२ पासून तसंच आहे.
मला तिशीनंतर कळलं, तोवर "पोरगी गुणाची आहे, शांत आहे" एवढंच. मी सरळ ऑटिस्टिक म्हणते. लेव्हल मात्र मला पटतच नाही, सकाळी बँकेत काउंटरवर मी छान बोलते आणि दिवसभर नोटा मोजायच्या मशीनचा आवाज ऐकून संध्याकाळी तोंडातून शब्द निघत नाही, मग माझी लेव्हल सकाळची धरायची का संध्याकाळची?

परभणीचा_बाप
माझा मुलगा ११ वर्षांचा, बोलत नाही. राग मानू नका भाऊ, पण "हुशारवाला ऑटिझम" असं कुणी म्हणलं की माझं लेकरू आपोआप खालच्या पायरीवर जातं. एकच नाव झालं ते मला बरं वाटलं.
ट्रेनिंगमध्ये आम्हाला शिकवलं होतं की "ऑटिझम असलेला मुलगा" म्हणा, ऑटिस्टिक म्हणू नका. इथं मोठ्या माणसांचं वाचून वाटायलंय की हे लेकरालाच विचारायला पाहिजे. पण त्याच्या चित्रांच्या कार्डात पाणी, भाकर, संडास, बाहेर एवढंच आहे, त्याच्या स्वतःबद्दल एक बी कार्ड नाही. आम्ही कधी बनवलंच नाही.

मोसंबी_जालना
हान्स अ‍ॅस्पर्गर व्हिएन्नाचा डॉक्टर होता. २०१८ ला हेरविग चेक या इतिहासकाराने जुनी कागदपत्रं काढून दाखवलं की नाझी काळात त्याने काही अपंग लेकरं अशा ठिकाणी पाठवायला हातभार लावला जिथं लेकरं मारली जायची. मी ते नाव तेव्हाच सोडलं. पण ज्यांना त्या नावाने पहिल्यांदा स्वतःचा पत्ता लागला त्यांना मी दोष देणार नाही.
कामाचं सांगतो. अपंगांच्या १९९५ च्या कायद्यात ऑटिझम नव्हताच, २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत "ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर" याच नावाने आहे, म्हणून नवा रिपोर्ट सांभाळून ठेवा. आरक्षणासाठी अपंगत्वाच्या सर्टिफिकेटवर ४० टक्के तरी लागतात. सरकारी नोकरीत ४ टक्के जागा, त्यातला १ टक्का ऑटिझम, बौद्धिक अपंगत्व, मानसिक आजार वगैरे सगळ्यांत मिळून. कमीच आहे, पण हक्काचं आहे.

लातूरचा_एकटा
परभणीवाले काका, राग नाही आला, उलट रात्रभर तेच डोक्यात होतं. बाबांनी "हुशार" म्हणून मला वाचवलं पण कुणाच्या वर बसवून वाचवलं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. आता भावाला सांगताना ऑटिस्टिक म्हणालो, तो नुसतं बरं म्हणला. पाहुण्यांना सध्या काहीच सांगणार नाही. जुना रिपोर्ट मात्र फाडणार नाही, परीक्षेत जास्तीचा वेळ त्याच्यावरच मिळाला होता.
एक विचारायचं राहिलं. सर्टिफिकेटसाठी ऑटिझम किती आहे ते मोजायची ४० प्रश्नांची ती इसा टेस्ट करतात, त्यात लहानपणाचं घरच्यांना विचारतात म्हणे. बाबा आता नाहीत आणि आई डॉक्टरसमोर बोलतच नाही. भावाला सोबत नेलं तर चालतं का, कुणी मोठेपणी करून घेतलंय का?