‘केतमान’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: सर्वंकष सत्तेखालच्या लेखकांविषयी वाचताना ‘केटमन’ हा शब्द येतो, म्हणजे मनातलं दडवून बाहेर सत्तेला हवं तसं वागणं. ‘ढोंग’ किंवा ‘दुटप्पीपणा’ लिहिलं तर चालेल का?

प्रतिसाद १: आधी लेखन. मूळ अरबी ‘कितमान’, अर्थ दडवून ठेवणं. फारसी उच्चार ‘केतमान’. ‘ट’ इंग्रजी वळणाचा आहे, तो टाळावा. तेहरानच्या फ्रेंच वकिलातीत राहिलेल्या गोबिनोने १८६५च्या पुस्तकात इराणमधल्या श्रद्धा लपवण्याच्या रीतीसाठी हा शब्द वापरला. पोलिश कवी चेस्वाव मिवोश यांनी तो तिथून उचलून १९५३मध्ये कम्युनिस्ट राजवटीतल्या बुद्धिजीवींना लावला आणि त्याचे सात प्रकार सांगितले. ते स्वतः त्या सरकारचे राजनैतिक अधिकारी होते, १९५१मध्ये त्यांनी फ्रान्सचा आश्रय घेतला.

प्रतिसाद २: ‘दुटप्पीपणा’ नकोच. दुटप्पी माणूस दोन्हीकडून फायदा काढतो. केतमान करणाऱ्याला आतलं काहीतरी वाचवायचं असतं. ‘व्यावसायिक केतमान’ घ्या: शास्त्रज्ञ परिषदेत पक्षाला हवा तसाच निबंध वाचतो, कारण त्या बदल्यात प्रयोगशाळेत त्याला सचोटीने काम करता येतं. ‘राष्ट्रीय केतमान’मध्ये तोंडाने रशियाचे गोडवे आणि मनात त्याच रशियाचा तिरस्कार. शिवाय सत्तेला फसवल्याचा अभिमानही असतो, आणि तो ‘ढोंग’ शब्दात मावत नाही.

प्रश्नकर्ता: मग ‘तकिया’, म्हणजे जिवावर बेतलं की आपली श्रद्धा लपवण्याची इस्लाममधली, विशेषतः शिया पंथातली, मुभा?

प्रतिसाद १: ती संकल्पना जवळची आहे, पण मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर लोड-तक्क्या येईल.

प्रतिसाद ३: माझं मत ‘सोंग’. ढोंगात समोरचा फसतो. सोंग मात्र बघणाऱ्यालाही माहीत असतं, आणि मिवोश नेमकं हेच सांगतात की तिथे सगळेच नट असतात आणि एकमेकांना ओळखून असतात. एक अडचण मात्र खरी आहे. आपल्याकडे सोंग खेळ संपला की उतरवतात. केतमान दिवसरात्र चालतं, घरातही आणि मित्रांतही, त्यामुळे भूमिका अंगात मुरते आणि आपलं बोलणं कुठलं, पाठ केलेलं कुठलं, हे त्या माणसालाच सांगता येत नाही. म्हणून लेखात पहिल्यांदा ‘केतमान (जन्माचं सोंग)’ असं द्यावं, पुढे नुसतं ‘केतमान’.

प्रतिसाद २: पटलं. क्रियापद ‘करणे’पेक्षा ‘वठवणे’ घ्या: ‘त्याने वीस वर्षं केतमान वठवलं.’ लिंग नपुंसक.