फिफाच्या बाहेर खेळणाऱ्या टीमला आंतरराष्ट्रीय म्हणायचं का? (चर्चा)

कृष्णाकाठ, सांगली

रविवारी सकाळी मॅच झाल्यावर चहाच्या गाड्यावर वाद पेटला आणि दहा वाजता ऊन चढलं म्हणून सगळे उठले, वाद तसाच राहिला. म्हणून इथं मांडतोय.

विषय असा की कोनिफा नावाची फुटबॉलची एक संघटना आहे, २०१३ ला सुरू झालेली, आणि ज्यांना फिफात, म्हणजे जगाच्या अधिकृत फुटबॉल संघटनेत, जागा नाही अशा टीमांचा ती वर्ल्ड कप भरवते. तिबेट, उत्तर सायप्रस, नॉर्वे स्वीडन फिनलंड रशिया अशा चार देशांत विखुरलेले सामी लोक, असे सगळे त्यात. आणि पंजाब. होय, आपला पंजाब, पण ही टीम २०१४ ला इंग्लंडात उभी राहिली, पोरं बहुतेक तिकडंच जन्मलेली. २०१६ ला जॉर्जियातून फुटून निघालेल्या अबखाझियात, सुखुमीला फायनल झाली, यजमान अबखाझिया विरुद्ध पंजाब. पंजाब एक गोलनं पुढं होता, शेवटच्या मिनिटांत यजमानांनी बरोबरी केली आणि पेनल्टीत ६-५ नं कप तिथंच राहिला. मी ती मॅच नंतर मोबाईलवर बघितली आणि खरं सांगतो, त्या पोरांचे चेहरे बघून घसा दाटला.

आमच्यातला एकजण म्हणाला, "ह्याला काय आंतरराष्ट्रीय म्हणायचं, हे गल्ली क्रिकेट." मला ते पटत नाही. फिफात २११ सदस्य आहेत आणि युनोत देश १९३, म्हणजे फिफाचा स्वतःचा हिशेबसुद्धा देशावर चालत नाही. स्कॉटलंड, वेल्स, हाँगकाँग, फेरो बेटं हे सगळे आत. जिब्राल्टर २०१६ ला आत आलं, त्याची लोकसंख्या आपल्या विट्यापेक्षा कमी. आणि तुवालू हा युनोतला सरळसरळ देश, तो फिफाच्या बाहेर, तो २०१८ ला लंडनला कोनिफाच्या कपात खेळला. मग दाराच्या आतला खरा आणि बाहेरचा खोटा हे ठरवायचं कशावर?

आपण सातारा सांगलीची माणसं आहोत. १९४३ ला इंग्रजांचं सरकार डोक्यावर असताना नाना पाटलांच्या प्रतिसरकारनं गावागावात न्यायनिवाडे केले. कुठल्या कलेक्टरनं मान्यता दिली होती त्याला? लोकांनी मानलं म्हणून ते सरकार झालं. टीमचंही तसंच असतं असं माझं म्हणणं. बोला.

शाहूपुरीकर, सातारा

प्रतिसरकारचं नाव इथं घेऊ नका दादा, राग मानू नका पण ते पटलं नाही. ती परकी सत्ता घालवायची लढाई होती, घरं जप्त झाली, माणसं वर्षानुवर्षं भूमिगत राहिली. फिफा कितीही वाईट असली तरी ती तुमच्या गावावर राज्य करत नाही.

दुसरं म्हणजे समांतर संघटना झाली की काय होतं ते आपण कुस्तीत बघितलंय की. २०२२ ला महाराष्ट्र केसरी आपल्या साताऱ्यात झाली, शाहू क्रीडा संकुलात, आम्ही मातीच्या वासात रात्रीपर्यंत बसलो होतो, पृथ्वीराज पाटलानं गदा उचलली तेव्हा अख्खं मैदान उभं. एक गदा, एक केसरी. आणि पुढच्याच वर्षी नोव्हेंबर २०२३ ला काय? फुलगावला सिकंदर शेख महाराष्ट्र केसरी आणि धाराशिवला शिवराज राक्षे महाराष्ट्र केसरी, एकाच महिन्यात दोन. दोघंही तगडे पैलवान, दोघांचीही मेहनत खरी, पण दोन संघटनांच्या भांडणात दोघांच्याही गदेचं वजन कमी झालं हे कुणी नाकारेल का? फुटबॉलमध्ये तेच होणार. उद्या प्रत्येकजण आपला वर्ल्ड कप काढेल.

विटेकर (सध्या कोइमतूर)

माझं वेगळं मत आहे आणि ते जरा घरातलं आहे. आमचं खानापूर तालुक्यातलं गाव, धंदा गलाईचा, म्हणजे सोनं-चांदी गाळायचा. आजोबा तमिळनाडूत आले, वडील इथंच वाढले, मी पण. शाळेत मी "मराठीवाला" आणि गावी जत्रेला गेलो की "मद्रासवाला". जत्रेत दरवर्षी बाहेरगाववाले विरुद्ध गाववाले अशी मॅच असते, कधी कबड्डी कधी क्रिकेट, बारा बारा तास गाडीत बसून पोरं त्या एका मॅचसाठी येतात. बक्षीस किती तर पाच हजार आणि एक ढाल. पण त्या दिवशी गावाच्या नावाचा टीशर्ट अंगात घातला की मला कुणी विचारत नाही तू कुठला.

२०१८ च्या कपचा यजमान बघा कोण होता. बरावा. सोमालियाच्या किनाऱ्यावरचं गाव, पण घरी स्पर्धा घ्यायची परिस्थिती नाही, म्हणून लंडनमधल्या त्यांच्या माणसांनी लंडनला भरवली. सोळा टीम आल्या. मला ते एका क्षणात कळलं, कारण आमचं गावही असंच निम्मं बाहेर आहे. ह्याला मान्यता कुणी द्यायची? ज्याच्या घरात रात्री ती भाषा बोलतात त्यानं दिली की झालं.

मिरज लेफ्टविंग

विटेकर, तुमचं वाचून बरं वाटलं, पण मी विरोधात आहे आणि का ते सांगतो.

मी मिरजेचा, रेल्वे लाईनीकडच्या मैदानावर वाढलेला, तिथं पावसाळ्यात गोलपोस्टसमोर घोट्याएवढा चिखल असायचा आणि आम्ही त्यातच क्रॉस टाकायला शिकलो. बारावीनंतर एका स्पर्धेत खेळलो, नाव "राज्यस्तरीय", बॅनर मोठा, उद्घाटनाला नेते, आमची टीम दुसरी आली. सर्टिफिकेट मिळालं, चकचकीत, सोनेरी किनार, आईनं ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात साडीच्या घडीत ठेवलं. चार वर्षांनी भरतीचा फॉर्म भरला, खेळाडूंना सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण असतं ना, त्यातून. पडताळणीला गेलो तर कळलं की ती स्पर्धा भरवणारी संघटना कुणाशीच संलग्न नव्हती. कागद परत हातात दिला. टेबलापलीकडचा माणूस चांगला होता, तो म्हणाला तुझा खेळ खोटा नाही रे पण हे चालत नाही. मी एस्टीत बसून घरी आलो आणि आईला आठ दिवस सांगितलं नाही.

त्यामुळं मान्यता म्हणजे नुसता शिक्का असं जो म्हणतो त्याच्या पोटाला चिमटा बसलेला नाही असं मी समजतो. आयसीएल आठवा की, २००७ ला क्रिकेटची बंडखोर लीग निघाली, कपिल देव होते त्यात, पोरं हौसेनं गेली आणि बोर्डानं सगळ्यांना बाहेर काढलं. २००९ ला माफी देऊन परत घेतलं खरं, पण खेळाडूची दोन वर्षं म्हणजे काय असतात ते खेळाडूलाच ठाऊक.

कृष्णाकाठ, सांगली

लेफ्टविंग भावा, इतकी वर्षं एकत्र खेळतोय आणि हे तू कधी बोलला नव्हतास. प्रतिसरकारबद्दल शाहूपुरीकरांचं पण मान्य, तुलना मोठी झाली, ती मागं घेतो.

पण एक फरक बघ. तुझ्यासमोर मान्यता असलेली जिल्हा संघटना होती, तुला कुणीतरी फसवलं. तिबेटच्या पोरासमोर काय आहे? २००१ ला तिबेट आपली पहिली आंतरराष्ट्रीय मॅच खेळला, कोपनहेगनला, ग्रीनलंडशी, आणि ४-१ नं हरला. दोघंही फिफाच्या बाहेर. ग्रीनलंडनं परवा परवा उत्तर अमेरिकेच्या संघटनेकडं अर्ज केला तर २०२५ ला तो फेटाळला, आणि त्याच डेन्मार्कच्या राज्यातली फेरो बेटं १९८८ पासून फिफात. झांझिबारला तर आफ्रिकेच्या संघटनेनं २०१७ च्या मार्चमध्ये सदस्य केलं आणि जुलैत काढून टाकलं, चार महिन्यांत. ही माणसं रांगेत उभी राहिलीच नाहीत असं नाही, खिडकीच बंद करतात त्यांच्या तोंडावर. आणि पंजाबच्या टीममधल्या इंग्लंडच्या पोरांनी भारताकडून खेळायचं म्हटलं तर ब्रिटिश पासपोर्ट सोडावा लागतो, आपल्याकडं दुहेरी नागरिकत्व नाही. मग त्यांनी आजीच्या गावाच्या नावानं खेळूच नये का?

वाईची पंच

मी शाळांच्या मॅचना पंच म्हणून उभी राहते, तेव्हा थोडं माझंही ऐका.

अधिकृत म्हणजे सुरक्षित असं लेफ्टविंग म्हणतात, पण ऑगस्ट २०२२ विसरलात का सगळे? फिफानं भारतीय फुटबॉल महासंघालाच निलंबित केलं, कारण काय तर कारभारात बाहेरच्यांचा हस्तक्षेप. त्या वेळी गोकुळम केरळच्या मुली आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोचलेल्या होत्या. विमानातून उतरल्या आणि कळलं की खेळता येणार नाही. २६ ऑगस्टला बंदी उठली पण तोवर त्यांची स्पर्धा गेली. भारतातल्या मुली, मान्यताप्राप्त क्लब, मान्यताप्राप्त स्पर्धा, सगळे कागद बरोबर, आणि भांडण दिल्लीतल्या खुर्च्यांचं. मी तेव्हा शाळेच्या मुलींना बूट बांधायला शिकवत होते आणि एकीनं विचारलं, "मॅडम, त्यांनी काय केलं होतं?" मला उत्तर देता आलं नाही.

पण कोनिफाच्या बाजूची आहे असंही समजू नका. त्यांची एक गोष्ट मला मनापासून आवडली. २०१८ ला त्यांनी हिरवं कार्ड काढलं. पंचाशी हुज्जत घातली, खोटं पडलं, की हिरवं कार्ड, तो खेळाडू बाहेर जातो पण त्याच्या जागी दुसरा येतो, टीम दहाची होत नाही. आमच्याकडं चौदा वर्षांचं पोर रागात काहीतरी बोलतं आणि मला पिवळं दाखवू की समजावू हे ठरवायला दोन सेकंद असतात. मधलं काहीतरी असावं असं मला कितीतरी वेळा वाटलंय. असं नवीन करून बघायला बाहेरच्यांनाच जमतं, हे मात्र खरं.

शाहूपुरीकर, सातारा

मॅडम, गोकुळमचं दुखणं खरंच आहे. पण कोनिफा म्हणजे निरागस पोरांचा खेळ असंही चित्र रंगवू नये. सुखुमीची फायनल ज्या अबखाझियात झाली तिथून १९९२-९३ च्या युद्धात दोन लाखांच्या आसपास जॉर्जियन माणसं घरं सोडून पळाली. त्यांच्या दृष्टीनं तो वर्ल्ड कप म्हणजे काय असेल? २०१८ ला कार्पाताल्या नावाची टीम जिंकली, युक्रेनमधल्या हंगेरियन लोकांची, तर युक्रेनच्या क्रीडामंत्र्यांनी चौकशीची मागणी केली. खेळाडू दोन सरकारांच्या कात्रीत. त्याच कपात आईल ऑफ मॅनच्या टीमनं बरावाच्या खेळाडू नोंदणीवरून तक्रार केली आणि मधूनच स्पर्धा सोडली. म्हणजे तक्रारी, अपील, राजकारण सगळं तिथं पण आहे, फक्त दाद मागायला वरती कुणी नाही. टीमला झेंडा दिला की झेंड्यामागचं सगळं येतं भाऊ.

माणदेशी

मग महाराष्ट्राची का नको? काढूया की टीम, मराठी माणसांची, लंडन दुबईतली पोरं घेऊ. सहज सुचलं.

जत पूर्व

माणदेशी पाव्हणं, सहज सुचलं म्हणता पण मला त्यात लय अडचण दिसते. मी जत तालुक्याच्या पूर्व भागातला. माझी आई घरात कन्नड बोलते, वडील मराठी, मी आईशी कन्नड आणि बैलाशी पण कन्नडच. आमच्या गावच्या टीममध्ये कॅप्टन ओरडतो मराठीत आणि बॅकवाला उत्तर देतो कन्नडमध्ये आणि बॉल बरोबर पोचतो. तुम्ही भाषेवर टीम काढली तर मी कुठल्या बाजूला उभा राहू? महाराष्ट्राकडून खेळायचं असंल तर संतोष ट्रॉफी १९४१ पासून चालू आहे, राज्याची टीम तिथं खेळते, ती पुरे आहे. सीमाभागात राहणाऱ्याला विचारा, टीमचा शर्ट कधी कुणाच्या अंगावर निवेदनासारखा चिकटतो ते. कोनिफाला माझा विरोध नाही, तिबेटच्या पोरांनी खेळावं, पण ज्याच्याकडं दार आहे त्यानं उगाच दुसरं दार काढू नये.

विटेकर (सध्या कोइमतूर)

जत पूर्व, तुमचं पटलं. मी पण मराठी टीमच्या बाजूनं नाही. माझी जत्रेची टीम गावाची आहे, त्यात मुल्ला आहे, माळी आहे, आणि एक तमिळ पोरगा पण आहे जो आमच्याच घरात भाड्यानं राहून वाढला.

कृष्णाकाठ, सांगली

म्हणूनच मला पंजाबची टीम आवडते. ती नुसती भारतातल्या पंजाबची नाही, सीमेच्या दोन्ही बाजूंचा पंजाब ती आपला मानते. वाघा बॉर्डरवर दोन्हीच्या मध्ये फाटक आहे आणि इकडं एका शर्टात दोन्हीकडचा पंजाब बसतो. अधिकृत फुटबॉलमध्ये हे कुठंच बसत नाही, कारण तिथं पासपोर्टाची घडी पडली की माणूस त्या घडीच्या एका बाजूलाच राहतो. शाहूपुरीकर म्हणतात झेंड्यामागचं सगळं येतं, अबखाझियाच्या बाबतीत मी ते मानतो, त्या घरं गेलेल्या माणसांचा विचार मी मॅच बघताना केला नव्हता आणि आता करतोय. पण पंजाबच्या शर्टामागं कुणाचं घर गेलेलं नाही, उलट फाळणीत ज्यांची गेली त्यांचीच नातवंडं त्यात आहेत. दोन्ही गोष्टी एकाच कपात आहेत आणि मला एकीसाठी दुसरी टाकून देता येत नाही.

मिरज लेफ्टविंग

काल रात्री ती पेनल्टीची क्लिप बघितली, तू म्हणालास म्हणून. ११ पेनल्टी गोलात गेल्या, ६-५. खेळ खरा आहे, ते मी कधीच नाकारत नव्हतो. त्या पोरांना आंतरराष्ट्रीय खेळाडू म्हणायला माझी हरकत नाही, लिही तसं. पण आपल्या ग्राउंडवर जी सोळा सतरा वर्षांची पोरं येतात त्यांना मी आधी संलग्नतेचं पत्र मागायला शिकवणार, मग बाकीचं. बॅनर बघून कुणी जायचं नाही. रविवारी लवकर ये, जिल्हा स्पर्धेचे फॉर्म आणतोय, तिघांच्या आधार कार्डावर जन्मतारीख चुकलीय ती आधी दुरुस्त करून घ्यायची आहे.