घरपट्टीच्या बिलात कचरा शुल्क (सोसायटी ग्रुप, म्हापसा)

सेक्रेटरी: मंडळी, पालिकेची घरपट्टीची बिलं आलीत. त्यात कचरा शुल्काची ओळ वेगळी आहे. ती नीट वाचल्याशिवाय कोणी पैसे भरू नका.

ए-१०२: सेक्रेटरी बाब, कचऱ्याचे पैसे मेंटेनन्समधून जातातच की. मग हे परत कशाला?

सेक्रेटरी: ती दोन वेगळी कामं आहेत, काका. मेंटेनन्समधून जातो तो आवाराची झाडलोट करणाऱ्याचा आणि दारातला कचरा गेटवर आणणाऱ्याचा पगार. गेटच्या पुढे गाडी, वर्गवारी, साळगावच्या कचरा प्रक्रिया प्रकल्पापर्यंतची वाहतूक हे पालिकेकडे. घनकचरा नियमांत कचरा करणाऱ्या प्रत्येकाने शुल्क द्यायचं असं स्पष्ट आहे. दर पालिका ठरवते. म्हणून शेजारच्या पंचायतीतल्या बिलाशी आपलं जुळवून बघू नका.

खजिनदार: बिलावर घर क्रमांक, नाव आणि मागची थकबाकी बघाच, पण सगळ्यात जास्त घोळ होतो तो वर्गात. निवासी की व्यावसायिक? आधीच्या मालकाने फ्लॅटमध्ये ऑफिस चालवलं असेल तर ती नोंद तशीच पुढे येते आणि घरपट्टी, कचरा शुल्क दोन्ही व्यावसायिक दराने लागतात. दुरुस्तीच्या अर्जाला विक्रीखताची प्रत, मागच्या पावत्या, घरगुती दराचं वीजबिल आणि सोसायटीचं पत्र जोडा. पत्र मी देतो. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. उद्या थकबाकीवर दंड लागला तर दाखवायला तेवढाच एक कागद हातात असतो.

बी-३०१: आणि बंद फ्लॅटला?

खजिनदार: घर क्रमांक चालू आहे तोवर बिल निघणारच, वहिनी. लेखी अर्ज करा, वर्षभराची वीजबिलं जोडा. युनिट जवळजवळ शून्य दिसले की म्हणणं पटवता येतं. सूट द्यायची की नाही हे पालिका ठरवणार. पण अर्जच केला नाही तर रक्कम साचत राहते, आणि फ्लॅट विकताना थकबाकी भरल्याशिवाय घरपट्टी खरेदीदाराच्या नावावर होत नाही.

सी-२०३: सगळ्यांचं शुल्क एकदम सोसायटीने भरून चौरस फुटांवर वाटलं तर?

खजिनदार: नको. आकारणी घर क्रमांकावर आहे. सोसायटीने भरलं की एकाची थकबाकी सगळ्यांच्या माथी येते. जीएसटीचंही बघायला हवं. एका सदस्याची दरमहा वर्गणी ७,५०० रुपयांच्या वर गेली आणि सोसायटीची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर असेल तर १८ टक्के लागतो. पालिकेचे पैसे वर्गणीत मिसळले की आकडा फुगतो.

ए-१०२: पटलं. मग सोसायटीने करायचं काय?

बी-१०४: ओला कचरा आवारातच खत करून जिरवूया. ३२ फ्लॅट, घरटी अर्धा किलो धरला तर दिवसाला १६ किलो. जाळीच्या दोन पेट्या पुरतात: एक भरत असताना दुसरी महिना-दीड महिना मुरते. ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक बादलीमागे तेवढाच सुका पालापाचोळा किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घालायचं, आणि आठवड्यातून दोनदा खालवर करायचं. मूठभर घेऊन दाबून बघा. एखाद-दुसरा थेंब सुटला तर ओल बरोबर, धार लागली तर पाचोळा कमी पडलाय. वास येतो तो यामुळेच, पाण्याने भरलेल्या ढिगात हवा शिरत नाही. पावसाळ्यात पेट्यांवर पत्रा हवा आणि तळ जमिनीपासून वीतभर उचललेला हवा. पाचोळा मार्च-एप्रिलमध्येच पोत्यांत भरून ठेवायचा, जूननंतर सुका मिळत नाही.

बी-३०१: मासळीचं काय? रोजचीच आहे आपल्याकडे.

बी-१०४: खवलं, आतडी थोडी असतील तर ढिगाच्या मधोमध पुरा आणि वर जाड थर पाचोळा टाका. वरवर टाकली तर मांजरं आणि माश्या. तिसऱ्यांच्या शिंपल्या, शहाळी आणि करवंट्या पेटीत अजिबात नकोत, त्या महिनोन्‌महिने कुजत नाहीत. डायपर आणि पॅड कागदात गुंडाळून वेगळे द्यायचे.

सेक्रेटरी: यामुळे शुल्क कमी होईल असं मात्र कोणी धरून चालू नका. त्यासाठी पालिकेला वेगळं पत्र द्यावं लागेल, ते आपण पहिलं खत निघाल्यावर फोटोंसकट देऊ. तूर्त ज्यांच्या बिलावर ‘व्यावसायिक’ आलंय त्यांनी बिलाचा फोटो खजिनदारांना पाठवा. इथे ग्रुपवर टाकू नका.