टीएसएच 62, नाडी 48, तरी गोळी फक्त 25 ची का?

निशिगंध
आईचं वय 66, वजन 70 किलो. थायरॉइडची गोळी दोन वर्षं बंद होती. आता टीएसएच (थायरॉइड कमी पडला की रक्तात वाढणारा हार्मोन) 62, नाडी 48, बीपी 140/100, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) 195. इकोत हृदयाभोवती थोडं पाणी दिसलंय. डॉक्टरांनी 25 मायक्रोग्रॅमने सुरुवात केली. शेजारच्या काकूंना 100 ची आहे, मग आईला एवढी कमी का? आणि पाणी काढावं लागेल का?

गारवा
डोस मुद्दाम कमी ठेवलाय. किलोमागे साधारण 1.6 मायक्रोग्रॅम धरले तर आईंनाही शेवटी 100-112 लागेल. पण एकदम तेवढा दिला की ठोके वाढतात, हृदयाला ऑक्सिजन जास्त लागतो. एलडीएल इतके दिवस चढलेला असेल तर धमन्या आधीच अरुंद झालेल्या असू शकतात. मग छातीत दुखणं, ठोके अनियमित होणं, प्रसंगी अटॅकही. म्हणून या वयात 12.5 किंवा 25 पासून सुरुवात करून दर 6-8 आठवड्यांनी थोडं थोडं वाढवतात. छातीत दुखलं तर लगेच डॉक्टरांना गाठा. आपल्या मनाने डोस वाढवू नका, कृपा करून.

ओपीडी_वही
हे पाणी सावकाश साठतं, आवरणही तसं ताणत जातं, म्हणून हृदयावर दाब क्वचितच येतो. बहुतेकांचं गोळीनेच काही महिन्यांत ओसरतं. धाप वाढली, मानेच्या शिरा फुगल्या, बीपी घसरलं तर मात्र थेट इमर्जन्सी.
बीपीचा खालचा आकडा चढलाय तो रक्तवाहिन्या आवळल्यामुळे. ईसीजीत क्यूटी (प्रत्येक ठोक्यात हृदयाला पुन्हा सज्ज व्हायला लागणारा वेळ; फार लांबला तर ठोके बिघडू शकतात) लांबलाय का, तेही विचारा. लांबला असेल तर सर्दी-खोकल्याला केमिस्टकडून परस्पर अझिथ्रोमायसिन आणू नका, त्याने क्यूटी आणखी लांबतो.

निशिगंध
धन्यवाद. कोलेस्टेरॉलची गोळी आत्ताच सुरू करायची का?

गारवा
आईंना हृदयविकार असल्याचं आधीच माहीत असेल तर डॉक्टर लगेच देतीलही. नसेल तर थांबण्याबद्दल जरूर विचारा. थायरॉइड कमी असताना स्टॅटिनने (म्हणजे कोलेस्टेरॉलच्या गोळीने) स्नायूंना इजा होण्याचा धोका जास्त, म्हणून आधी सीपीके (स्नायूंची इजा दाखवणारी रक्ततपासणी) तपासून घ्या. यकृत रक्तातला एलडीएल नीट उचलत नाही म्हणून तो साठलाय, टीएसएच जागेवर आलं की बराच उतरतो.
थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर. चहा तासाभराने. कॅल्शियम, लोहाच्या गोळ्या 4 तासांनंतरच. आणि टीएसएच 6 आठवड्यांच्या आत पुन्हा तपासू नका, आकडा फसवा येतो.